शेपटीवाली रेघ

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आजोबा, दिवाळी अंकासाठी तुमच्या करिअरबद्दल लिहा." मी म्हटलं, बाई, करिअर मी केलं नाही, काम केलं. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांना दया आली म्हणून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, पण माझं वाक्य बदलू नका. बदललेलं मला कळतं. कुठली रेघ कुणाच्या हातची, हे ओळखण्यातच माझी हयात गेली.

काम असं, की अमेरिकेची जुनीपुराणी पोस्टाची तिकिटं भिंगातून बघायची आणि सांगायचं, हे तिकीट ज्या पोलादी पत्र्यावरनं छापलं त्या पत्र्यावर त्याची जागा कुठली आणि तिथे पत्र्यात काय खोट होती. पुण्यात हे काम करणारा दुसरा कुणी असला तर त्यानं समोर यावं. मी अजून जिवंत आहे.

मला इंग्रजी येत नाही. तिकिटावर काय लिहिलंय ते मी आजही वाचू शकत नाही. पण वाचता येणाऱ्यांना जे दिसत नाही ते मला दिसायचं. अक्षर वाचणारा माणूस अक्षरच बघतो, रेघ बघत नाही.

माझा मूळ धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर माझी बैठक. लग्नकार्यात भांडी शेजारीपाजारी जायची, म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव पाहिजेच. बाकीचे कारागीर ठिपके ठोकून नाव घालत. मी रेघेनं घालायचो, कलमानं. कलम म्हणजे लाकडी मुठीची पोलादी टोकदार सळई. हातोडी नाही, नुसता हाताचा दाब.

माझ्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर लहानपणी घणाखाली चेचलं. ते वळत नाही. त्यामुळे उभी रेघ वरून खाली आणली, की शेवटी कलम उचलताना डावीकडे एक बारीक झटका बसतो आणि रेघेला शेपटी येते. केसाएवढी. मालक आधी ओरडायचा. पुढे गिऱ्हाइकंच म्हणायला लागली, शेपटीवाल्या करड्यांकडूनच नाव घालून द्या.

एकदा एक गृहस्थ दुकानात आला आणि तासभर भांडी उलटी करकरून नुसती नावं बघत बसला. नावावरनं बोट फिरवायचा, मुठीतला कागद उघडून बघायचा, पुन्हा भांडं बघायचा. अख्खी पेठ तो अशी हिंडून आला होता. शेवटी माझ्यासमोर एक तांब्या ठेवून म्हणाला, "ही रेघ ज्यानं ओढली तो माणूस मला पाहिजे." इतक्या कारागिरांत माझी रेघ! आठ दिवस मी पेठेतनं ताठ मानेनं चाललो. त्याचं काम मी केलं आणि विसरलो. का विसरलो, ते पुढे येईल.

धंद्याचा एक नियम इथेच सांगून ठेवतो. नाव चुकलं तर खोडायचं नाही. खोडायला गेलं की तिथे पत्रा पातळ होतो आणि भांडं गळायला लागतं. चुकलेल्या नावाखाली खरं नाव घालायचं आणि दोन्ही राहू द्यायची.

पुढे स्टील आलं आणि पाठोपाठ विजेच्या सुईचं यंत्र. मालकाचा भाचा बटण दाबून मिनिटात नाव घालायला लागला. सगळी नावं एकसारखी, जणू सगळ्यांना एकाच आईनं जन्म दिलाय. मी पायरीवर बसून राहायचो. टीव्हीवर नव्या धोरणाच्या गप्पा चालल्या होत्या, देश उघडला म्हणत होते. माझं दुकान मिटलं.

त्याच सुमाराला सबनीससाहेब आले. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात नोकरी झालेली, निवृत्त, विश्रांतवाडीला राहायचे. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते आणि बरोबर घरची जुनी पितळेची भांडी मोडीत द्यायला आणली होती. मी सहज ती हातात घेऊन बोललो, हे नाव अमक्याच्या हातचं, हे त्याच्या मुलाच्या, आणि हे बापाचंच, पण त्याला तेव्हा ताप होता.

"ताप होता हे भांड्यावर लिहिलंय?" सबनीस म्हणाले.

"लिहिलंय. तुम्हाला वाचता येत नाही त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन आले. त्यात तांबूस रंगाची, तीन सेंटची, दीडशे वर्षांपूर्वीची वीस तिकिटं. मधे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं, केस मागे बांधलेले. मी त्याला म्हातारा म्हणायचो. सबनीसांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणाले, "अहो करडे, डोळे तुमचे, तिकिटं माझी. श्वास जपून सोडा."

त्यांनी मला समजावलं ते असं. आधी पोलादाचा एक लहान ठसा कोरायचा. तो दाबून रुळावर उचलायचा आणि रुळानं मोठ्या पत्र्यावर दोनशे वेळा उमटवायचा, डावीकडे शंभर, उजवीकडे शंभर. डोकं सगळीकडे सारखं येतं. पण कडेच्या रेघा धड उमटत नसत, म्हणून त्या कारागिरानं पुन्हा हातानं कोरायच्या. हात आला की चूक आली. कुठे रेघ कोपऱ्याबाहेर गेली, कुठे दुहेरी झाली, कुठे कलम घसरलं. म्हणून दोनशेतलं एकही तिकीट दुसऱ्यासारखं नाही. या खुणा ओळखून सुटी तिकिटं पुन्हा मूळच्या जागी लावत जायचं, की फुटलेल्या आरशासारखा तो पत्रा हळूहळू उभा राहतो. सबनीसांना एका पत्र्याचा अर्धा ताव, म्हणजे शंभर तिकिटं, जागच्या जागी लावायची होती. तो पत्रा जगात कुणी पुरा जुळवलेला नाही असं ते म्हणायचे. मी दहा वर्षं त्यांच्याकडे जात होतो. आठवड्यातनं तीन दिवस बसनं विश्रांतवाडी. प्रत्येक तिकिटाच्या कार्डामागे मी दोनच शब्द लिहायचो: "खरं. करडे."

या कामात माणसाला सवय होते, तरी काही गोष्टींची होत नाही. एका पत्र्याला तडा गेलेला होता. एका तिकिटावर तो केसाएवढा, नंतर छापलेल्यावर म्हाताऱ्याच्या कानापर्यंत, त्याच्या नंतरच्यावर गालावर. पत्रा केव्हाच भट्टीत गेला असेल, कोरणारा मातीत गेला, आणि माझ्यासमोर टेबलावर तो तडा वाढत होता. तिकिटं उलट्या क्रमानं ठेवली की तडा मिटत मिटत नाहीसा व्हायचा. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी उठून खिडकी उघडली आणि बराच वेळ खाली भाजीवाल्याकडे बघत बसलो. भाजी सडते ती पुन्हा ताजी होत नाही, एवढं बघून मग आत आलो.

गिऱ्हाइकं इतरही यायची. गावाची जमीन शहरात गेलेला एक बिल्डर सोन्याचं कडं घालून आला. "बाबा, हे आल्बम बगा. ल्योक म्हनतो, जुनं हाय, लई भारी हाय." मी पहिलं पान उघडलं. म्हटलं, जुनं आहे, पण कॅलेंडर आहे. फोटो कापून चिकटवलेत, भिंगात नुसते ठिपके दिसतात. तो म्हणाला, "मंग चिकटवलंय तरी झ्याक ना?" म्हटलं, चिकटवलंय उत्तम. खूश होऊन गेला.

आता मुख्य गोष्ट.

सबनीसांच्या तावात उजवीकडून दुसरी उभी ओळ होती. तिच्यातलं सगळ्यात खालचं, दहावं तिकीट त्यांच्याकडे पहिल्यापासून होतं, जागेवर लावलेलं, म्हणून मी ते कधी तपासलं नव्हतं. वरची नऊ मागाहून आली. त्यांची मुलगी मनीषा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होती. इंटरनेटवर लिलाव व्हायला लागले तशी ती तिथे घेऊन पाठवायची. नवातलं पहिलं आलं, मी भिंग लावलं आणि जागच्या जागी थांबलो. उजव्या कडेच्या रेघेला खाली शेपटी. केसाएवढी, उजवीकडे वळलेली.

अंगात एकदम ओळख आली. गर्दीत पाठमोरा माणूस दिसावा आणि चेहरा न बघताच आपला वाटावा, तशी. अंगठ्याच्या मेलेल्या पेरात मुंग्या आल्या. आणि कापराचा वास आला. मी विचारलं, "कपाटात कापूर ठेवता का?"

"नाही. का?"

"काही नाही."

पुढची आली तसतसा मी त्या माणसाला ओळखत गेलो. त्याला मी शेपटीवाला म्हणायला लागलो. सबनीसांना म्हटलं, तिकडच्या या कारागिराचा अंगठा माझ्यासारखाच चेचलेला होता. वरून खाली शेपटी लांबत जाते, म्हणजे उन्हाळ्याचे दिवस, अंगठा सुजत होता. बसायला लाकडी पाट होता, तोही डुगडुगता. सबनीस हसायचे, पण वहीत लिहून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "सहाव्या आणि सातव्या तिकिटाच्या मधे हा माणूस थबकला."

"कशावरनं?"

"सहाव्यापर्यंत कलम एका दाबानं चाललंय. सातव्यापासनं दाब दुप्पट. कुणीतरी दारात येऊन वाईट बातमी सांगितली असणार. तरी हा उठला नाही, ओळ पुरी केली."

"माणूस आहे की दगड?"

"कारागीर आहे," मी म्हटलं. छाती फुगवून म्हटलं.

बसनं घरी जाताना वाटायचं, तो शेजारच्या सीटवर बसलाय. भीती वाटायची नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. या पुण्यात माझ्या तोडीचं कुणी उरलं नव्हतं, आणि हा एक होता. मागच्या जन्मी मीच तिकडे असेन, असंही मनात येऊन गेलं. म्हाताऱ्या माणसाला गर्व चढला की तो जन्मसुद्धा पुरवून घेतो.

हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या त्या दिवसांत शंभरावं तिकीट मिळालं. ताव पुरा झाला. तीन आठवड्यांवर मोठं प्रदर्शन होतं, परदेशातनं परीक्षक येणार होते. सबनीसांना हृदयाचा दुसरा झटका येऊन गेलेला. ते म्हणाले, "तिसऱ्याच्या आत एवढं लावून दाखवलं की झालं." मनीषा रजा काढून आली होती, लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन. शंभर तिकिटांचे तिनं मोठे फोटो काढले.

दुपारची वेळ होती. ती म्हणाली, "काका, छापलेलं आणि पत्र्यावरचं उलटं असतं ना? प्रदर्शनात शेजारी मूळ पत्राही दाखवू, कसा दिसत असेल तो. हे बघा." आणि तिनं बटण दाबून सगळी चित्रं उलटी केली, आरशातल्यासारखी.

पडद्यावर वीतभर लांबीच्या रेघा आल्या. उजवीकडे वळणाऱ्या शेपट्या आता डावीकडे वळल्या होत्या.

मी माझा हात बघितला.

चाळीस वर्षं मी धातूवर जी रेघ ओढली ती ही. घागरींवर, परातींवर, लोकांच्या लेकींच्या रुखवतावर. आपली सही दुसऱ्याच्या कागदावर दिसावी तसं झालं. छापात ती उलटी होती म्हणून इतकी वर्षं नुसती ओळख वाटत राहिली, पण नाव आठवलं नाही. मी हात मांडीखाली दाबून धरला.

"काका, काय झालं?"

"डोळ्यात काहीतरी गेलं," मी म्हटलं. तिच्याकडनं त्या ओळीचा, छापात दिसते तसाच, एक कागद मागून घेतला आणि निघालो.

बिबवेवाडीला मुलाचा फ्लॅट, तिथे आम्ही दोघं राहतो. मी फडताळातनं बायकोची वाटी काढली. लग्नानंतर मी पहिलं नाव घातलं ते त्या वाटीवर: सौ. कमल. वाटी आरशासमोर धरली, भिंग लावलं, शेजारी कागद धरला. कमल मागे येऊन उभी.

"अहो, चेहरा बघायचं वय गेलं, आता भांडी दाखवताय का आरशाला?"

"जरा गप्प बस."

"बसते. पण काय झालंय?"

काहीही झालेलं नव्हतं. 'क'ची उभी रेघ आणि पाचव्या तिकिटाची रेघ एकच होती. मग मी पाटावर बसलो, आणि जे विसरलो होतो ते सगळं एकदम आलं.

तो भांडी उलटी करणारा गृहस्थ. गळ्यात पांढरा रुमाल, अंगाला कापराचा वास. त्यानं एक तांब्याचा पत्रा आणला होता, जाड कागद चिकटवून पुरा झाकलेला. कागदात फक्त नऊ उभ्या फटी. प्रत्येक फटीत एक फिकट रेघ दिसत होती. म्हणाला, "एवढ्या नऊ रेघा खोल करून द्या. कागद उचलू नका. तुमच्या नेहमीच्या हातानं ओढा, सुधारायला जाऊ नका." मी विचारलंसुद्धा नाही खाली काय आहे. माझी रेघ निवडली, त्यातच मी ढगात. पत्रा हलू नये म्हणून राळेवर बसवला. वैशाख होता. पाट डुगडुगत होता. एका रेघेला चार फेरे, अंगठा सुजत होता. सहावी रेघ झाली आणि दुकानाचा गडी धावत आला.

"करडे, घरी चला. आईचं काही खरं नाही."

मी वर न बघता म्हटलं, "तीन राहिल्यात."

तो उभा राहिला. पुन्हा म्हणाला, "अहो, करडे."

"तीन राहिल्यात. येतो."

हातातलं काम अर्धं टाकून मी कधी उठलो नव्हतो, आणि तो गृहस्थ बघत होता. मी तीन रेघा पुऱ्या केल्या. घरी पोचलो तेव्हा शेजारणींनी आईला खाली घेतलेलं होतं. मी तो दिवस असा गाडला, की त्याच्याबरोबर तो पत्राही गाडला गेला. पण हात विसरला नव्हता. मी सबनीसांना त्या परक्या कारागिराची म्हणून जी जी गोष्ट सांगितली, उन्हाळा, पाट, दारातली बातमी, ती भिंगातून वाचलेली नव्हतीच. कुणीतरी मला माझीच आठवण परत सांगत होतं, आणि मी ऐटीत तिचा अर्थ लावत होतो.

कमलला सांगितलं. तिनं वाटी पुसून फडताळात ठेवली. मग म्हणाली, "सबनीसांना सांगणार?"

"तीन आठवड्यांवर प्रदर्शन आहे. छाती अशी. सांगून मारू का?"

"आणि न सांगता?"

आठ दिवस विश्रांतवाडीला गेलो नाही. सबनीसांचे दोन फोन आले, मी सर्दी झाली म्हटलं. ही सर्दी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. नऊ कार्डांच्या मागे माझ्या हातचं "खरं. करडे." होतं, परदेशी परीक्षक ते बघणार होते, आणि माझं नाव खोट्यावर कधी घातलं गेलं नव्हतं. एकीकडे त्यांचा जीव, दुसरीकडे माझा शब्द. मी आधी शब्दाचा विचार केला, हेही लिहून ठेवतो. माणूस तसाच आहे मी.

नवव्या दिवशी सकाळी कमलनं माझी टोपी दाराशी आणून ठेवली.

सबनीस टेबलाशी बसले होते, समोर ताव. मनीषा चहा ओतत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "साहेब, यातली नऊ तिकिटं खोटी आहेत."

"कुठली?"

"शेपटीवाली."

"खरी आहेत असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"आणि खोटी कुणी केली?"

"मीच."

पंखा फिरत होता. मनीषाच्या हातात किटली तशीच. सबनीस म्हणाले, "आरोपी तुम्ही, साक्षीदार तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच. मला नुसतं हजर राहायचंय. बसा, करडे."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. पत्रा, फटी, आई. त्या माणसानं त्या पत्र्यावरनं काढलेले छाप परदेशी विकले असणार, कागद जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचा घेतला असणार, आणि तिकडे फिरून फिरून ते मनीषाच्या हातानं पुण्याला परत आले. मी पेठेच्या बाहेर फारसा गेलो नाही, माझा हात मात्र अमेरिकेला जाऊन आला. सबनीसांचा चेहरा पांढरा पडला होता. मनीषा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे अशी बघत होती, की मला तिथून उठावंसं वाटलं.

"फटी किती म्हणालात?" सबनीसांनी विचारलं.

"नऊ."

"नक्की?"

"सहा आणि तीन. ते मी विसरेन का?"

"ओळीत तिकिटं दहा आहेत, करडे."

त्यांनी सगळ्यात खालचं तिकीट चिमट्यानं उचललं आणि कार्ड उलटं केलं. मागे जुनी, तपकिरी शाई. "हे माझ्या वडिलांचं. माझ्या मुंजीच्या आधीपासून घरात आहे. तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल, नसालही."

मी भिंग लावलं. कोपर टेबलावर टेकलं. रेघ वरून खाली आली होती, आणि शेवटी शेपटी. तीच. केसाएवढी. इतकी वर्षं मी नऊ खोट्यांच्या रांगेत तिला दहावी समजून बघत आलो होतो, एकटी कधी बघितलीच नव्हती. दाब वेगळा होता, हलका. घाई नव्हती. पण कलम उचलताना अंगठा वळला नव्हता.

"वडिलांकडे तिकिटं बघायला कोण कोण यायचं," सबनीस हळू म्हणाले. "एक जण होता. कापराच्या वासाचा. याच तिकिटाची नक्कल काढून घ्यायचा, पुन्हा पुन्हा."

मग मला तो मुठीतला कागद कळला. तो गृहस्थ पेठेत चांगला कारागीर शोधत नव्हता. तो मेलेल्या माणसाचा हात शोधत होता. एक तिकीट त्याच्याजवळ उतरवून घेतलेलं होतं आणि त्याच ओळीची नऊ करायची होती. घागरी उलट्या करत करत तो माझ्यापर्यंत आला. म्हणजे शेपटीवाला माझ्या डोक्यातला नव्हता. तो होता. समुद्रापलीकडे, माझ्या आजाच्याही आधी, न वळणाऱ्या अंगठ्याचा.

"म्हणजे बाबा, त्याचासुद्धा..." मनीषा बोलायला लागली.

"गप्प," सबनीस म्हणाले. आम्ही तिघंही त्या तिकिटाकडे बघत नव्हतो.

मी म्हटलं, "नऊ काढून टाका. जागा रिकाम्या ठेवा."

"का? तुमच्या धंद्यात चुकलेलं नाव खोडतात?"

"नाही."

"मग?" त्यांनी स्वतःचं नकाशाचं पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं. "खाली खरं घाला."

मी प्रत्येक तिकिटाखाली लिहायला लागलो. दत्तात्रय विठोबा करडे, कसबा पेठ, पुणे. माझं अक्षर चौथीतलं, पण रेघ सरळ. एक, दोन, तीन. सहाव्याखाली नाव घातलं आणि हात थांबला. पेन खाली ठेवून मी उठलो.

"अहो, करडे," सबनीस म्हणाले, "तीन राहिलीत."

आवाज त्यांचाच होता. पण मला तो दारातनं आल्यासारखा वाटला.

"राहू द्या," मी म्हटलं. "आज राहू द्या."

बस पकडून सरळ नदीवर गेलो. आईला जिथे पोचवली त्या घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळपर्यंत बसलो. उशीर झाला होता, पण गेलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेली तीन नावं घातली. ताव प्रदर्शनात तसाच लागला, नऊ खोट्या तिकिटांसकट, खाली माझ्या नावांसकट. परीक्षकांनी बक्षीस दिलं नाही. सबनीस म्हणाले, "मागितलं होतं कुणी?" आणि त्यांनी तिसऱ्या झटक्याला आणखी दोन वर्षं ताटकळत ठेवलं. ताव आता मनीषाकडे आहे, तिकडे. माझं नाव तिच्या भिंतीवर नऊ वेळा आहे.

दहाव्याखालची जागा कोरी आहे. तिनं फोनवर विचारलं, "काका, तिथे 'अज्ञात' लिहू का?" मी म्हटलं, लिहू नको. आपण दुसऱ्याचं नाव घालतो ते त्यानं सांगितल्यावर. तो सांगेल तेव्हा सांगेल. ती हसली.

मी हसलो नाही. हे लिहितानाही अंगठ्याचं ते मेलेलं पेर मधूनच दुखतं, उन्हाळा नसताना. तेव्हा मी पेन खाली ठेवतो आणि उठतो.